पांढऱ्या शिरेचा दगड

लिंबानी दोन अहवाल बगलेत मारून व्हरांड्यात आला, तर रांगेतून त्याचा दगड गायब.

झोम्बा शहरातल्या त्या अर्थशास्त्र केंद्रात मोठी आकडेमोड झेपणारा संगणक एकच. ग्रंथालयाला लागून त्याची खोली. तो इतका तापायचा, की ग्रंथपाल माई नामालोम्बा त्याच्यावर शेंगा भाजून घेतात, अशी वदंता होती. निदान वास तरी यायचा. त्याच्यासाठी दिवसदिवस उभं कोण राहणार? म्हणून व्हरांड्यात माणसांऐवजी दगडांची रांग. ज्याचा दगड पहिला, त्याची पाळी. कुठे जायचं झालं, तर दगड आपल्या माणसाच्या हवाली करायचा. मग दुसऱ्या कुणी त्याला बोट लावायचं नाही.

लिंबानीचा मुठीएवढा, पांढऱ्या शिरेचा दगड सकाळपासून पहिला होता. तो त्याने वेझीच्या हवाली केला होता. दोघं एकाच खोलीत राहत, एका ताटात मक्याच्या पिठाचा न्सिमा खात. नैरोबीला शिकायला जायची जागा मात्र एकच होती, आणि तिच्यासाठीचा निबंध उद्या संध्याकाळच्या आत द्यायचा होता.

"जातोच आहेस, तर मक्याच्या भावांचा अहवाल मलाही आण की," असं वेझीच म्हणाला होता.

"माझा दगड कुठाय?"

कठड्यावर बसलेली मंडळी एकदम आपापली नखं बघू लागली. त्यांच्यातल्या अतुपेलेने हनुवटीने संगणकाच्या खोलीकडे दाखवलं.

त्या खोलीचं दार आपसूक मिटायचं. वारा यावा म्हणून कुणीतरी त्याला दगडाची अटकण लावली होती. पांढऱ्या शिरेच्या दगडाची. आत वेझी पाठमोरा, बोटं भराभर चाललेली.

"वेझी!"

"रागावू नकोस रे भावा," वेझी मान न वळवता म्हणाला. "तुला उशीर झाला. आणि तुझा दगड बघ, माझ्याही आधी आत आलाय! माझा अहवाल आणलास?"

कठड्यावर कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"तुम्ही सगळे बघत होतात?"

"बघत होतो," अतुपेले म्हणाली. "पण हात तुझ्याच माणसाचा होता. अडवायचं कुणी?"

माई नामालोम्बा शेंगा सोलत आल्या. "बसलेल्याला उठवायचं नाही, पोरा. आणि दगड रांगेत नाही, तर माणूसही रांगेत नाही. जा, शेवटी लाव."

लिंबानीने वाकून दगड उचलला. दार सावकाश मिटत गेलं.

"अरे, गुदमरतंय इथे!" आतून वेझी ओरडला.

अतुपेलेने हात पुढे केला. "दे तो इकडे. मी सरकवते पुढे. तू जेवून ये जा."

लिंबानी तिच्या पसरलेल्या हाताकडे बघत राहिला. मग रांगेच्या टोकाला गेला.

ऊन कललं तरी व्हरांड्यात दगडांची रांग तशीच होती. तिच्या शेवटी एक माणूस उभा होता. बगलेत दोन अहवाल, मुठीत दगड.