कुशल कामगार

गॅरेजमध्ये फोन वाजला तेव्हा मालकांचे दोन्ही हात पुट्टीने भरले होते. मालकीणबाईंनी फोन उचलला, लांबलचक नंबर बघून स्पीकर लावला आणि नवऱ्याच्या तोंडापुढे धरला.

"तिकडचाच आहे. नीट बोला," त्या कुजबुजल्या.

गाडीच्या दारावर पॉलिश पेपर मारणाऱ्या पेंटरचा हात थांबला. बायकामुलांना घेऊन परदेशात कायमचं राहण्यासाठी त्याने अर्ज केला होता. बाकी सगळं जमून आलं होतं. हा माणूस कसबी कारागीर आहे, नुसता हाताखालचा गडी नाही, एवढंच आता मालकांनी तिथल्या अधिकाऱ्याला सांगायचं होतं. घोडं अडलं होतं ते इथेच. मालकांनी कोणाचं कौतुक केल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. लग्न ठरलं तेव्हा मुलगी कशी वाटली म्हणून विचारलं, तर "बरी आहे" म्हणाले होते, आणि मालकीणबाई ते अजून विसरल्या नव्हत्या.

"नमस्कार, मी दुभाषी बोलते आहे," पलीकडून एका बाईचा आवाज आला. मराठी अगदी छापील. "अधिकारी विचारतात, आपला कामगार कुशल आहे का?"

"कुशल आहे की," मालक म्हणाले. "मध्ये जरा ताप होता. आता ठणठणीत आहे."

पलीकडे काहीतरी बोलणं झालं.

"हा ताप कामामुळे आला होता का?"

मालकीणबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, काम येतं का ते विचारतायत."

"काम होय? काम बरं आहे."

"बरं म्हणजे साधारण, असं सांगू का?"

मालक भडकले.

"साधारण कोणाला म्हणता बाई? अहो, हा लेकाचा नुसत्या नजरेने रंग असा मिसळतो, की ठोकलेलं दार कुठलं ते गाडीवाल्यालाच शोधत बसावं लागतं. गिऱ्हाईक भांडायला येतं, की तुम्ही काही केलेलंच दिसत नाही, मग पैसे कसले मागता. माझा जन्म गेला या धंद्यात. मला नाही जमत तसं."

एवढं बोलल्यावर मालकांना स्वतःलाच कसंसं झालं. पेंटर खाली मान घालून उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते कोणाला दिसू नयेत म्हणून तो दाराकडे बघत होता. मालकीणबाई तर नवऱ्याकडे, हा कोण माणूस, अशा नजरेने पाहत होत्या.

"क्षमा करा," दुभाषी बाई म्हणाली. "लेकाचा म्हणजे आपल्या लेकाचा? मग आपण त्याचे आजोबा का? नातेवाइकांची साक्ष चालत नाही."

"शिवी आहे ती," मालकीणबाई मध्ये पडल्या. "म्हणजे तशी शिवी नाही. घरच्या माणसाला म्हणतो आपण."

"घरचे आहेत का ते?"

मालकीणबाईंनी जीभ चावली. आता काही चुकीचं बोललं गेलं तर सगळंच फिसकटणार होतं.

"नातं काही नाही," मालक सावकाश म्हणाले.

"नातं काही नाही," दुभाषी बाईने घोकल्यासारखं म्हटलं आणि तिकडे सांगितलं. "शेवटचा प्रश्न. या कामगाराला आपण पुन्हा कामावर घ्याल का?"

मालकीणबाईंनी नवऱ्याला कोपराने ढोसलं. पेंटरने हळूच मान वर केली.

"पुन्हा घ्यायला आधी सोडावा लागेल ना बाई," मालक म्हणाले.

"हे उत्तर हो समजायचं की नाही?"

मालकांनी पेंटरकडे पाहिलं. पुट्टी हातावरच वाळायला लागली होती.

"हो लिहा," ते म्हणाले. "आणि सोडला, तेही लिहा."