समोरचं घर

पोलिसांनी मैनेची ट्रंक अंगणात उपडी केली. गल्लीत कुणाचं तरी मंगळसूत्र चोरीला गेलं होतं, आणि पारध्याचं घर तेवढं एकच. काहीच सापडलं नाही. समोरच्या इंदूताईंनी मात्र तेव्हा दार लावून घेतलं होतं.

त्यानंतर मैना घराबाहेर पडेना. सरकारी दवाखान्यात ती नर्स होती, तिथंही जाईना. डॉक्टर म्हणाले, मनाचा आजार आहे. नवरा रोज विचारायचा, “गोळी घेतलीस?”

“गोळीनं लोकांची नजर बदलते का?” असं म्हणून ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची.

एका सकाळी इंदूताई प्रवासाची पिशवी घेऊन दारात आल्या. “मैना, लेकीच्या बाळंतपणाला चाललेय. घराची किल्ली तुझ्याकडे ठेवशील?”

मैना उठून बसली. “काही हरवलं तर?”

“तर दोघी मिळून शोधू.”

मैनेनं किल्ली घेतली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मोठ्यानं रडली. इंदूताई तिच्याजवळ खाली बसल्या. एसटीची वेळ होऊन गेली, तरी उठल्या नाहीत.