अर्धा नमस्कार

अमेरिकन कॉलेजच्या धावण्याच्या टीममध्ये जागा एकच होती आणि आपणहून निवड चाचणीला आलेल्या मुली सात. बाकीच्या वॉकमन ठेवून आठशे मीटरच्या रेषेवर पोचल्या तेव्हा अनघाही घाबरत त्यांच्यात जाऊन उभी राहिली. भीतीच्या भरात बाबांनी शिकवलेला धावण्याआधीचा नमस्कार राहिलाच. "ऑन युवर मार्क्स" ऐकल्यावर आठवला आणि तिने वाकून जमिनीला हात लावला. कपाळाशी नेणार तोच कोच कडाडले. "या हुकमानंतर हात टेकला की फाउल! पुन्हा टेकलास तर घरी जायचं." लगेच पुन्हा "ऑन युवर मार्क्स"चा पुकारा झाला. अर्धा राहिलेला नमस्कार अंगाशी येणार, पहिल्याच वळणावर आपण पडणार, असं तिला वाटलं. तिने कुंपणाकडे पाहिलं. सनीव्हेलच्या ऑफिसातून आलेले बाबा तिथे सुटाबुटात वाकले होते, जमिनीला हात टेकवून. तिच्याकडे बघत त्यांनी तो कपाळाला लावला. पिस्तुलाचा बार उडाला.