दुधाची दाढ

डॉक्टरीणबाईंनी तिसऱ्यांदा समजावलं, तरी एकोणऐंशी वर्षांच्या चौगुलेमास्तरांच्या डोक्यातला गोंधळ मिटेना. किडलेल्या दाढेवर टोपी बसवायची, किडलेली दाढच काढून स्क्रूची दाढ लावायची, की हिरडीत दाढेचं बी पेरायचं?

"बियाची दाढ अस्सल ना? मग टोपी का सुचवता?"

"आजोबा, बियातून आधी दुधाची दाढ येते. ती आठ वर्षांनी पडते, मग कायमची उगवते. म्हणून तुम्हाला टोपीच बरी."

"म्हणून म्हणजे?"

डॉक्टरीणबाईंनी तिन्ही उपायांची चित्रं पुढे सरकवली. मास्तरांनी बोटांवर वर्षं मोजली आणि टोपीच्या चित्राकडे बोट दाखवलं.

शेजारी बसलेली त्यांची बायको इंदुमती एकदम म्हणाली, "बीच पेरा हो डॉक्टर. दाढ पडली की कौलांवर मी फेकीन. यांचा नेम कधीच लागत नाही."