टोपडं

या नश्वर जगात अविनाशी गोष्टी दोनच: आत्मा आणि न उघडलेला डबा, असं इतवारीत भांडी विकणाऱ्या सौरवचं ठाम मत होतं. आत्म्याचं माहीत नाही, पण त्याचा पुठ्ठ्याचा सीलबंद डबा आईनं महालक्ष्म्यांच्या दिवशी विळीवर चिरला. आत लाडक्या कार्टूनमधल्या सशाची महागडी मूर्ती होती, जगात पाचशेच निघालेली. “आई, सील तुटलं, ससा मातीमोल झाला!” “काहून ओरडून राहिला गा? देवीचं मातीचं लेकरू तडकलं, म्हणून याले बसवलं. चार वर्षं डब्यात कोंडलं बिचाऱ्याले!” सौरव तणतणत देवीपुढं गेला अन् थबकला. सशाच्या अंगात सौरवच्या बारशाचं झबलं होतं. आईनं ते चाळीस वर्षं डांबरगोळ्यांत जपलेलं, सुनेलाही हात लावू दिला नव्हता. त्यानं सशाला कुंकू लावलं. आई टोपडं घेऊन आली, “कान मावत नाही, तेवढे कापून दे बरं.”