अनुमोदन

रत्नागिरी जिल्ह्यात एकाच कंपनीच्या नावाने चहाची दुकानं चालवणाऱ्यांनी जाहिरातीसाठी मंडळ काढलं होतं. दर दुकानामागे सारखी वर्गणी, दर दुकानाला एक मत. स्वरूप मयेकरची नऊ दुकानं होती, समीक्षाचं लोट्याला एकच.

"दोन वर्षं वर्गणी भरत्येय. लोट्याला साधा फलक नाही!" ती भर सभेत कडाडली.

"नऊ मतं आणा, मग आवाज चढवा," स्वरूप म्हणाला. सगळे हसले.

पुढच्या सभेत त्यानेच लोट्याला मोठा फलक लावायचा ठराव मांडला. समीक्षाने उभं राहून अनुमोदन दिलं.

सोमवारी तिच्या दुकानासमोरच्या रिकाम्या गाळ्यावर फलक चढला. कारखान्याच्या बसमधून उतरलेले कामगार तो मोठ्याने वाचू लागले, "आमची नवी शाखा याच जागी, लवकरच. मालक, स्वरूप मयेकर."