पुठ्ठ्याचं दार

नाताळाच्या आठवड्यात, दिवेलागणीला, हासिंता नवऱ्याला आणि दोन लेकींना घेऊन पुलाखालच्या बेघरांना पेरूचं गरम सरबत वाटायला गेली. वाटण्याआधी पोसादाचं, म्हणजे नाताळात दारोदार आसरा मागण्याच्या खेळाचं, गाणं व्हायलाच हवं: बाहेरच्यांनी आसरा मागायचा, आतल्यांनी दोनदा हाकलायचं, तिसऱ्यांदा दार उघडायचं. “आम्ही आतले!” धाकटी ओरडली. “वा गं शहाणे! घर आमचं, मागायचं तुम्ही,” म्हणत एका म्हातारीने फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा दारासारखा उभा धरला. वाऱ्यात मेणबत्त्या सांभाळत चौघं गायली. “पुढं व्हा! इथं जागा नाही!” पुठ्ठ्यामागून म्हातारीने सुनावलं. हासिंताचा सूर अडखळला. रोज आपल्या दुकानाच्या पायरीवरून ती याच म्हातारीला याच शब्दांत उठवायची. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा तिला गाताच येईना, बाकीची तिघंच गायली. पुठ्ठा कलला. “ये गं आत,” म्हातारी म्हणाली, “दार लावून घे, लेकरं गारठतील.” हासिंताने पुठ्ठा ओढून घेतला. वारा खरंच बाहेरच राहिला.